लाखेचे गोळे भुईत होते तेव्हा

फाल्गुनाचा भरवसा मला कधी वाटला नाही. पहाटे गोधडी ओढून घ्यावी लागते आणि दुपारी पत्रा तापून आपोआप वाजायला लागतो. एका दिवसात दोन ऋतू घरात येऊन जातात, आणि घरातल्या वस्तूंना कुणाचं ऐकावं तेच कळत नाही. दारं आखडतात, पापड वाकडे होतात, मेणबत्ती मान टाकते.

अशाच दिवसांत परवा केतकी आली. माझ्या पुतण्याची मुलगी ती, रांजणगावच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. कारखान्याची सहल कुठल्याशा रिसॉर्टवर गेली होती. तिथे बंदुकीतून एकमेकांवर रंगाचे गोळे मारायचा खेळ होता, आणि उरलेल्या गोळ्यांची पिशवी तिनं घरी आणली होती. पुढच्या महिन्यात मैत्रिणींबरोबर परत खेळायचं म्हणून ती पिशवी माझ्याकडे ठेवायची होती, कारण तिच्या खोलीवर ऊन फार.

"आजी, पेंटबॉल म्हणतात याला. उन्हात ठेवू नकोस, मऊ पडतात. फ्रिजमध्ये नको, तडकतात. ओल लागली की फुगतात. आणि पिशवी रोज उलटीपालटी करायची, नाहीतर एका बाजूनं बसतात."

"माहीत आहे मला," मी म्हणाले.

ती हसली. "तुला कसं गं माहीत?"

मी एक गोळा तळहातावर घेतला. बारीक, गुळगुळीत, कातडी इतकी पातळ की आतला रंग हलताना कळत होता. माझ्या हाताला ते वजन ओळखीचं नव्हतं, पण ती भीती ओळखीची होती: जोरात धरलं तर फुटेल आणि सैल धरलं तर पडेल. केतकी चहा पिऊन गेली. मी मात्र पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले. माझ्या आयुष्यात असं एक वर्ष होऊन गेलं आहे, ज्याबद्दल आम्ही घरात कधी मोठ्यानं बोललो नाही.

बाहत्तरच्या साली पाऊस आला नाही. त्या हिवाळ्यात मी लग्न होऊन शिरूरला नवी होते. माझी सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. बाजारपेठेच्या एका गल्लीत तिचं हळदी-कुंकवाचं, बांगड्यांचं आणि सणासुदीला रंगाचं दुकान होतं. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत आम्ही. वर पत्रा, खाली शेणानं सारवलेली जमीन. माझे यजमान न्हावऱ्याकडं शेतावर कामाला जायचे, ते काम दुष्काळानं बंद पडलं. तेव्हा इनामगावला घोडनदीच्या काठी जुन्या वस्तीचं खोदकाम चाललं होतं, तिथं ते मजुरीला लागले. हातात कुदळ कमी आणि ब्रश जास्त, असं ते सांगायचे. आठवड्याच्या शेवटी एसटीनं घरी येत, तेव्हा त्यांच्या पापण्यांवरसुद्धा ती पांढरी माती असायची.

रंगपंचमीला रंग विकायचा तर लोक तो कालवणार कशात, असा प्रश्न आत्याला पडला. प्यायला पाणी नव्हतं. मला हमीदाची आठवण झाली.

हमीदा दौंडची. दौंडला रेल्वेलाइनच्या मागं माझं माहेर, आणि आमच्या भिंतीला भिंत लावून तिची खोली. तिची माणसं मूळची जयपूरकडची, लाखेचं काम करणारी. नवरा गाडीत बांगड्या विकायचा. ती माझ्याहून थोडी मोठी, सडपातळ, आवाज जरा बसलेला. लाखेचे पोकळ गोळे करून त्यात कोरडा गुलाल भरायची तिच्या माहेरची रीत होती. अंगावर मारला की गोळा फुटतो, गुलाल उडतो, पाण्याचा थेंब लागत नाही.

मी दौंडला जाऊन ते काम पाहिलं होतं. शेगडीवर लाख मऊ करायची, नळीच्या टोकाला तिची लहानशी गोळी बसवायची आणि फुंकायचं. बघता बघता त्या गोळीचा फुगा होई, कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ. तिचे गाल फुगलेले मला कधी दिसले नाहीत. ती फुंकते आहे हे फक्त लाखेलाच कळत असावं.

"जोर नहीं लगाना," ती म्हणाली. तिची बोली अर्धी हिंदी, अर्धी दौंडची. "गुस्सा आया, डर लगा, तो फटता. मन गार पायजे."

गोळा झाला की ती तो पाण्यात टाकी. तेच वाडगंभर पाणी ती दिवस दिवस वापरायची. मग गुलाल भरून तोंडाला कागद चिकटवायची. भरलेला गोळा तिनं माझ्या कानाशी धरला आणि विचारलं, "कुछ सुना?"

मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

"मेरी फूँक है अंदर. सब तो निकलती नहीं, थोडी रह जाती." एवढं बोलून ती पुढच्या गोळीकडं वळली. तिनं ते सहज सांगितलं होतं, पण त्या दिवसापासून ते गोळे मला नुसता माल वाटले नाहीत.

पौषात ते गोळे पत्र्याच्या पेट्यांतून शिरूरला आले. त्या वर्षी थंडी कोरडी आणि कडक होती. एका पहाटे दुकानातून बारीक आवाज आला, टक्. मग थोड्या वेळानं पुन्हा. जाऊन पाहिलं तर पेटीतले दोन-तीन गोळे आपोआप तडकले होते, कुणी हात न लावता, आणि पेटीच्या तळाशी गुलाल सांडला होता. आम्ही पेट्यांना घोंगडी गुंडाळली. आत्या म्हणाली, "लेकरावाणी पांघरूण घालावं लागतंय की गं यास्नी." तेव्हा आम्ही दोघी हसलो.

रंगपंचमी आली आणि कुणी रंग खेळलं नाही. गावच्या गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलं होतं. शिरूरच्या रस्त्यावर त्या दिवशी धूळच उडाली. पेट्या तशाच राहिल्या.

चैत्रात उन्हाळा पेटला. पेटी उघडली की गोळे एकमेकांना चिकटलेले, झोपेत पापण्या चिकटाव्यात तसे. काही खालून बसले होते. मी हमीदाला निरोप पाठवला आणि ती बांगड्यांची टोपली घेऊन एसटीनं आली. गोळे हातात घेऊन तिनं एक एक सोडवला. म्हणाली, "इसको जमीन में रखना पडेगा. नीचे गारवा है."

मग आम्ही दोन मोठी मडकी आणली. वखारीतला लाकडाचा भुसा चाळून, वाळवून घेतला. भुशाचा थर, गोळ्यांचा थर, असं भरत गेलो. एक गोळा दुसऱ्याला लागू द्यायचा नाही, असं हमीदा सांगत होती. दोन्ही मडकी भरली, तोंडाला तोंड लावलं, आतला भुसा घट्ट होता म्हणून काही सांडलं नाही. सांधा मातीनं लिंपला. मागच्या खोलीत, भिंतीच्या कडेला, जिथं ऊन कधीच पोचत नाही, तिथं हमीदानं आणि आत्यानं मिळून खड्डा केला. मडकी आडवी ठेवली. वर माती, वर सारवण. मला त्यांनी हात लावू दिला नाही, कारण मला दिवस गेले होते.

शनिवारी हे घरी आले. ओल्या सारवणाचा वास आला म्हणून त्यांनी विचारलं, आणि मी हौसेनं सगळं सांगितलं. मडकी कशी ठेवली ते हातानं दाखवलं. त्यांच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"आडवी ठिवली?"

"हो."

"तोंडाला तोंड लावून?"

"अहो, काय झालं?"

ते उठून बाहेर गेले. मग आत्यानं त्यांना ओसरीवर गाठलं, तेव्हा त्यांचं बोलणं मला दाराआडून ऐकू आलं. इनामगावला त्या जुन्या घरांच्या जमिनीखाली मडकी सापडत होती. दोन दोन, आडवी, तोंडाला तोंड लावलेली. आत तान्ह्या लेकरांची हाडं. हजारो वर्षांमागं त्या माणसांची लेकरं गेली की ती घरातच, चुलीपासून चार हातांवर, अशी पुरायची. यांच्या ब्रशाखालीच असं एक जोडमडकं उघडं पडलं होतं. मी पोटुशी म्हणून त्यांनी घरी सांगितलं नव्हतं.

"तुमाला कुणी सांगितलं तसं ठिवायला?" त्यांनी विचारलं.

"कोन सांगनार? जागा मावंना म्हून आडवी ठिवली," आत्या म्हणाली.

मडकी काढून टाकू, असं हे म्हणाले. पण आता आत्याच अडून बसली. एकदा भुईत घातलेलं पोटुशी बाई घरात असताना उकरायचं नाही, असं तिचं म्हणणं. "जे हाय ते ऱ्हाऊ दे. बाळंतपण होऊ दे, मंग बगू."

मडकी राहिली, आणि माझा उन्हाळा सुरू झाला.

मागच्या खोलीत गारवा त्या भिंतीच्या कडेलाच होता, त्यामुळं दुपारी मी तिथंच पडायची. भीती वाटायची, तरी तिथंच. बाहेर गल्ली ओस पडलेली असे, पत्रा तापून तडतडे. मग ऊन कललं, भिंतीची सावली अंगणात पडली, की जमिनीतून आवाज यायचा. टक्. लाख गार होताना वाजते हे मला माहीत होतं. हमीदानं सांगितलं होतं, पेटीत मी ते पाहिलंही होतं. पण माहीत असणं वेगळं आणि कानाखालच्या जमिनीतून ते ऐकणं वेगळं. ज्येष्ठात पोटातलं हलायला लागलं. एकदा खालून आवाज आला आणि त्याच क्षणी पोटात आतून कुणी बोट टेकवल्यासारखं झालं. पुढं पुढं तसं रोजच व्हायला लागलं. कोण आधी आणि कोण नंतर, हे मला सांगता येईना.

मी कुणाला सांगितलं नाही. एका दुपारी आत्या शेजारी तांदूळ निवडत बसली होती. आवाज आला, आणि तिचे हात थांबले. माझ्या पोटावरचं लुगडं हललेलं तिनं पाहिलं. तिनं सूप उचललं आणि ती दुकानात जाऊन बसली.

पुढं आयुष्यात मी खूप घरं पाहिली. फरशीची, संगमरवराची, आता तर सातव्या मजल्यावरची. अजून नवीन घरात पाऊल टाकलं की माझी नजर आधी खाली जाते. आपण ज्यावर निजतो, जेवतो, भांडतो, त्याच्याखाली काय आहे हे कुणालाच माहीत नसतं. आपल्या आधी तिथं कुणीतरी राहिलेलं असतं, आणि त्यांनी जाताना सगळंच नेलेलं असतं असं नाही.

त्या वर्षी पाऊस आला. वर्षभर तापलेल्या जमिनीनं आषाढाचं सगळं पाणी गिळून टाकलं, वर ओल दिसलीच नाही. श्रावणात मात्र भिंतीच्या कडेचं सारवण काळं पडायला लागलं. आवाज थांबले होते. मला त्या शांततेची जास्त भीती वाटू लागली, कारण आता पोटातलंही पूर्वीसारखं हलत नव्हतं.

एका सकाळी हमीदा आली, न बोलावता. टोपली न ठेवताच ती आत आली आणि तिनं त्या काळ्या जागेवर हात ठेवला.

"पानी पहुँचा. आज निकालना पडेगा, आत्या. गुलाल भिजला तो लाख को अंदर से खाता."

"आठवा म्हैना चालूय तिला. आता न्हाई," आत्या म्हणाली.

हे त्या दिवशी घरी होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. पहिल्यांदाच कुणीतरी मला विचारत होतं.

"उकरा," मी म्हणाले. "मला आता खाली काही नको."

ते उकरायला बसले. कुदळ त्यांनी घेतलीच नाही. इनामगावला शिकले होते तसं, हातानं आणि खुरप्यानं, कडेकडेनं माती काढत गेले. मडक्यांची पोटं दिसू लागली तेव्हा त्यांनी खुरपंही बाजूला ठेवलं. खालच्या बाजूनं पाणी मुरलं होतं. मडकी उचलताना सांधा सुटला आणि आतला भिजलेला भुसा खड्ड्यात ओघळला, लालभडक. फुटलेल्या गोळ्यांचा गुलाल पाण्यात उतरला होता. खड्डा भरून ते लाल पाणी साचलं आणि हमीदा त्यात हात घालून वाचलेले गोळे वेचू लागली. मी भिंत धरून उभी होते. तेवढ्यात माझ्या पाठीतून पहिली कळ निघाली.

चंद्रामावशी नावाची सुईण शेजारच्या गल्लीतच राहायची, ती लगेच आली. दुपारनंतर मुलगी झाली. मला तिचं रडणं ऐकू आलं नाही. मी वाट पाहत होते. चंद्रामावशीनं तिच्या तोंडातलं पाणी काढलं, पाय धरून उलटं केलं, तळव्यावर टिचक्या मारल्या. मग तिनं आत्याकडं पाहिलं. ती नजर मी पाहिली. मुलगी निळसर होती, आणि खोलीत पावसाशिवाय कशाचाच आवाज नव्हता.

"द्या," हमीदा म्हणाली.

कुणी दिलं नाही आणि कुणी अडवलंही नाही. तिनंच मुलीला उचललं. तळहातावर डोकं घेतलं, तिच्या इवल्या नाकातोंडावर आपलं तोंड ठेवलं आणि फुंकलं. तिचे गाल फुगले नाहीत. दौंडच्या शेगडीपाशी मी जे पाहिलं होतं तेच ते होतं. ती फुंकते आहे हे फक्त त्या लहानशा छातीलाच कळलं, कारण ती किंचित वर आली. हमीदा थांबली. छाती खाली गेली. पुन्हा एकदा, तितकंच. तिला कसलीही घाई नव्हती. आत्याचा हात हवेत अर्धा उचललेला तसाच राहिला होता.

मग मुलीच्या घशातून आवाज आला. ते रडणं नव्हतं. बारीकसं टक्, एवढंच. सगळ्या उन्हाळ्यात जो मी जमिनीतून ऐकला होता, तोच आवाज.

त्यानंतर ती रडली.

हमीदानं तिला माझ्या कुशीत ठेवलं, तेव्हा तिच्या ओठांभोवती आणि गालावर हमीदाच्या बोटांचा लाल रंग लागलेला होता. चंद्रामावशी तो पुसायला गेली. आत्या म्हणाली, "ऱ्हाऊ दे तो." हमीदा भिंतीला टेकून बसली होती. पांढरीफटक, डोळे मिटलेली. आत्यानं स्वतः चहा करून तिला आपल्या पितळी पेल्यातून दिला. तोवर तिचा कप वेगळा असायचा, दाराच्या कोनाड्यात.

जाताना हमीदा वाचलेल्या गोळ्यांबद्दल सांगून गेली: उन्हात वाळवू नका, वाऱ्यावर ठेवा, रोज फिरवा. ते गोळे पुढच्या रंगपंचमीला दुकानातून विकले गेले. पाणी होतं तरी लोकांनी हौसेनं घेतले. गल्लीत दिवसभर ते फुटत होते, लाल धूर उडत होता, आणि मी आत दार लावून बसले होते. हमीदा एक-दोनदा येऊन शोभाला पाहून गेली. शोभा हे नाव आत्यानं ठेवलं. मग हमीदाच्या नवऱ्याची माणसं सुरतेकडं गेली आणि ती दोघंही गेली. पुन्हा काही कळलं नाही. तिची छाती बरी नाही असं माझी आई म्हणत असे. शोभा आता पन्नाशीला आली आहे. आपल्या जन्माची ही गोष्ट तिला माहीत आहे. पण सगळी नाही.

न सांगितलेली गोष्ट अशी. खड्डा आम्ही कोरड्या मातीनं, दगडगोट्यांनी भरला होता, वर चार वेळा सारवलं होतं. तरी ती जागा ओळखू यायची. पाळणा मुद्दाम दुसऱ्या टोकाला, दुकानाच्या भिंतीपाशी बांधला होता. शोभा त्यात निजत नसे. तास तास रडायची, निळी पडेपर्यंत, आणि ती निळी पडली की माझा जीव जायचा. एका दुपारी आत्या तिला घेऊन फेऱ्या मारून दमली आणि गोधडी टाकून तिनं तिला नेमकं त्या जागेवर ठेवलं. शोभा गप्प झाली. मान वळवून तिनं गाल जमिनीकडं केला आणि ती झोपली.

मी तिला दोन-तीनदा उचलून हलवलं. ती जागी व्हायची, रडायची. परत तिथं ठेवली की शांत. मग मी हलवणं सोडून दिलं. काही कारण असेल, गारवा असेल, असं मी स्वतःला सांगितलं. थंडी पडली तरी ती तिथंच निजायची.

खोदकाम हिवाळ्यात पुन्हा सुरू झालं आणि हे परत इनामगावला जाऊ लागले. एका शनिवारी ते आले. दारातच पायताण काढलं, हात झटकले, आणि आत पाऊल टाकताना त्यांना शोभा दिसली, त्या जागेवर, गाल जमिनीला लावून निजलेली. मी चुलीपाशी आत्याशी काहीतरी बोलत होते, सहज, नेहमीच्या आवाजात. ते उंबऱ्यावरच उकिडवे बसले. बराच वेळ पाहत राहिले. मग ओठांवर बोट ठेवून आमच्याकडं वळले.

"हळू बोला," ते म्हणाले. "उठतील."

मी जमिनीकडं पाहिलं. तिथं एकटी शोभाच निजली होती. आत्यानंही ते ऐकलं होतं. तिनं हातातलं भांडं आवाज न करता खाली ठेवलं.